पटावर 97, वर्गात 84

सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागांचा खडखडाट आणि उंबऱ्यावर विड्या वळणाऱ्या बायका एकाच गल्लीत भेटतात. घरात तेलुगू, बाजारात मराठी, शेजारी कानडी नाहीतर उर्दू. अशाच एका गल्लीच्या तोंडाशी असलेल्या सरकारी प्राथमिक शाळेतलं हे प्रकरण आहे. शाळा मराठी माध्यमाची, पहिली ते चौथी, साल 2018. मी तेव्हा त्या भागाचा पर्यवेक्षक होतो. एका महत्त्वाच्या क्षणी चुकीचा सल्ला मीच दिला, म्हणून हे लांबून पाहिल्यासारखं लिहिण्याचा हक्क मला नाही. शाळेचं आणि माणसांचं नाव मात्र घेणार नाही.

15 जूनला शाळा उघडली आणि सेवाज्येष्ठ म्हणून चौथीच्या बाईंकडे मुख्याध्यापकपदाचा प्रभार आला. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीला स्वतंत्र मुख्याध्यापक मिळतो तो पट 150च्या वर असेल तरच. म्हणजे बाईंना चौथीचा वर्ग सांभाळून टपाल, खिचडी, ऑनलाइन माहिती, बैठका हे सगळं करायचं होतं. प्रभार घेताना जनरल रजिस्टर म्हणजे प्रवेशांची कायमची नोंदवही, हजेरीपट, साठा नोंदवही अशी यादी समोर येते, खाली सही करायची असते. बहुतेकजण करतात. मीही माझ्या काळात केली आहे. या बाईंनी सहीला आठ दिवस मागितले आणि चारही वर्गांची हजेरी सलग तीन दिवस स्वतः घेतली. पटावर 97 नावं होती. त्यातली 13 मुलं तिन्ही दिवस दिसली नाहीत. वर्गशिक्षकांना विचारलं तर कोणी म्हणालं, "गावाला गेलंय", कोणी म्हणालं, "येतं अधूनमधून." गेल्या डिसेंबरपासून त्यांच्यापैकी एकही आलेलं नव्हतं.

13 हा आकडा शाळेला का जड जाणार होता, ते समजायला कायद्याचा हिशेब बघावा लागतो. 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक, 61 ते 90ला तीन, 91 ते 120ला चार. 97च्या पटावर चार शिक्षक, चार वर्ग, प्रत्येक वर्गाला एक माणूस. 91च्या खाली गेलं की एक पद जातं. 30 सप्टेंबरचा पट धरून संचमान्यता होते, म्हणजे शाळेला किती शिक्षकपदं ते ठरतं, आणि पद गेलं की सेवेत सर्वांत कनिष्ठ असलेला शिक्षक अतिरिक्त ठरतो, त्याचं दुसऱ्या शाळेत समायोजन होतं.

या शाळेत सर्वांत कनिष्ठ होत्या पहिलीच्या बाई. आणि शाळेत तेलुगू येणाऱ्या त्या एकट्याच.

पहिलीत नुकतं आलेलं पोर "नीळ्ळु" म्हणतं तेव्हा त्याला तहान लागलेली असते. पाणी हा शब्द त्याने ऐकलेला असतो, पण घसा कोरडा पडल्यावर ओठांवर घरचाच शब्द येतो. पहिलीच्या बाई त्याला पाणी देत, पेल्यावर बोट ठेवून दोन्ही शब्द म्हणून घेत, मग फळ्यावर "पा" काढत. जुलै संपेस्तोवर पोरं मराठीत भांडायला लागायची. मी बऱ्याच शाळांचे पहिलीचे वर्ग पाहिले आहेत. त्या भागात तसा वर्ग दुसरा नव्हता. पट खाली आला तर हा वर्ग जाणार होता.

नावं कमी का होत नाहीत, याला निव्वळ लबाडी म्हणून मोकळं होता येत नाही. कायदा म्हणतो, प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढायचं नाही. नाव कमी करणं म्हणजे मुलाला काढणं, असंच शिक्षकांच्या मनात बसलं आहे, आणि ते सगळंच चूक नाही. नाव असेल तर पोर परत येण्याची वाट राहते. दुसरीकडे, महिनाभर सलग न आलेलं मूल शाळाबाह्य धरून त्याचा शोध घ्यायचा असतो. पटावर "आहे" म्हणून ठेवलेल्या मुलाचा शोध कोणी घेत नाही. ते कागदावर शिकत असतं आणि प्रत्यक्षात कुठे आहे हे कुणाला ठाऊक नसतं. ऑक्टोबर 2011मध्ये राज्यभर पटपडताळणी झाली, तीन दिवस मुलांच्या बोटांना शाई लावून मोजणी झाली. त्या वेळची धास्ती जुन्या शिक्षकांच्या बोलण्यात अजून येते. पण धास्ती ओसरली की सवय परत येते.

शिवाय पटावरचं नाव नुसतं बसून राहत नाही. वर्षभर गैरहजर दाखवलं तर तपासणीत डोळ्यांवर येतं, म्हणून अधूनमधून हजर मांडावं लागतं. हजर मांडलं की खिचडी खाल्ली असं होतं. पहिली ते पाचवीला दर मुलामागे दिवसाला 100 ग्रॅम तांदूळ. समजा अशी चार नावं असली तर दिवसाचे 400 ग्रॅम, महिन्याचे 25 दिवस धरले तर 10 किलो. हे 10 किलो साठा नोंदवहीत खर्ची पडायला हवेत आणि कोठीत शिल्लक दिसता कामा नयेत. एका नावासाठी तीन वह्यांमध्ये खोटं लिहावं लागतं. प्रभारी मुख्याध्यापिकेची सही तिन्हींवर असते.

शोध

बाईंनी पहिला निर्णय असा केला की 13 नावांबद्दल आत्ता काहीच ठरवायचं नाही. आधी 13 मुलं कुठे आहेत ते बघायचं. शाळा सुटल्यावर रोज दोन घरं. कधी त्या एकट्या, कधी दुसरीचे सर बरोबर. चारेक घरांना मीही गेलो.

तीन मुलं जवळच्याच खासगी इंग्रजी शाळेत जात होती. दाखला मिळाला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, ही कायद्याची चांगली तरतूद आहे. पण तिचा एक परिणाम असा की जुन्या शाळेला कुणी कळवतच नाही आणि एक मूल दोन पटांवर राहतं. दोन बहिणी कुंभारीला राहायला गेल्या होत्या. तिथे विडी कामगार महिलांसाठी गोदूताई परुळेकरांच्या नावाने 10,000 घरकुलं उभी राहिली. 2006ला त्यांचं लोकार्पण झालं आणि तेव्हापासून पूर्व भागातली कुटुंबं तिकडे सरकत राहिली. जुन्या गल्ल्यांमधल्या शाळांचा पट का घटतो याचं एक उत्तर तिथे आहे, आणि ते वाईट उत्तर नाही. भाड्याच्या खोलीतून स्वतःच्या घरात गेलेल्या आईला शाळेने दोष कसा द्यायचा? त्या दोघी तिकडच्या शाळेत नीट जात होत्या.

तीन मुलं घरीच होती. त्यातलं एक घर माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. बोळातलं अंगण, ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं, आईच्या मांडीवर सूप. पत्र्याचा फर्मा पानावर ठेवून ती कात्रीने पान कापत होती, आणि शेजारी तिसरीत नाव असलेली मुलगी वळलेल्या विड्यांची तोंडं मुडपत होती. पायावर धाकटा भाऊ झोपलेला, म्हणून ती पाय न हलवता फक्त हात चालवत होती. विड्यांची मजुरी हजारावर मिळते. हजार पुरे व्हायचे तर चार हात लागतात. मुख्याध्यापिका बाईंनी तिथे कायदा काढला नाही. त्या उंबऱ्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "अक्का, बाळाला अंगणवाडीत मी घेऊन जाते, सेविकेशी बोलले आहे. हिला मात्र उद्यापासून पाठव." आई बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "सकाळी नाही जमणार बाई, कारखान्यात माल द्यायचा असतो. अकराला पाठवते." बाईंनी अकराला होकार दिला. नियमाने उशीर, पण ती मुलगी जुलैपासून रोज आली आणि ऑगस्टमध्ये वेळेवर यायला लागली. उरलेली दोघंही अशीच परत आली.

एका मुलाचा पत्ताच लागला नाही. खोली रिकामी, शेजाऱ्यांना माहीत नाही. दुसरीतला मुलगा होता.

राहिली चार. दोन घरांतली चार मुलं आईबापांबरोबर भिवंडीला गेली होती. सोलापूरचा विणकर आणि भिवंडीचे माग हे नातं जुनं आहे. इकडे काम पडलं की माणसं तिकडे जातात. त्यांची आजी म्हणाली, "पौर्णिमेला येतील." नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथोत्सव असतो, पूर्व भाग त्या दिवशी ओसंडून वाहतो आणि बाहेरगावची माणसं घराकडे येतात. 26 ऑगस्टला रविवार होता. बाई रथाच्या गर्दीतून दोन्ही घरी गेल्या. आईबाप भेटले. मुलं तिथे शाळेत जात नव्हती. बाप म्हणाला, "दिवाळीला परत यायचा विचार आहे. नाव राहू द्या बाई."

आता गणित असं झालं. वर्गातली 84 आणि परत आलेली 3 मिळून 87. भिवंडीची चार धरली तर 91. बरोबर 91.

चार नावं

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात बाई माझ्याकडे आल्या. मी जे बोललो ते जसंच्या तसं लिहितो. "30 सप्टेंबर जाऊ द्या. ऑक्टोबरमध्ये बघू. बापाने स्वतः सांगितलंय नाव ठेवा म्हणून, मग तुमच्याकडे दोष कसा येईल?" मला ते शहाणपणाचं वाटत होतं. पहिलीचा वर्ग वाचत होता, कुणाचं नुकसान दिसत नव्हतं, आणि दिवाळीला पोरं खरंच येण्याची शक्यता होती.

त्यांनी विचारलं, "साहेब, हे लेखी द्याल?"

मी दिलं नाही. देऊ शकत नव्हतो. जे कागदावर लिहायला माझा हात धजत नव्हता, ते मी दुसऱ्याला तिच्या सहीने करायला सांगत होतो. सरकारी शिक्षणव्यवस्थेत असे कित्येक निर्णय तोंडी खाली येतात आणि सही मात्र सर्वांत खालच्या माणसाची घेतात. मी 20 वर्षांहून अधिक काळ त्या उतरंडीत होतो, पण ते मला त्या प्रश्नाने दिसलं.

बाईंचा मुद्दा साधा होता. ही चार मुलं आत्ता कुठल्याच शाळेत नाहीत. नाव इथे ठेवलं तर ती इथे शिकतात असं सरकार धरेल आणि भिवंडीत त्यांना कोणी शोधणार नाही. दाखला हातात दिला, तिथल्या शाळेचा पत्ता दिला, तर निदान बाप शाळेच्या दारापर्यंत जाईल. शिक्षकाच्या पदाचा प्रश्न आणि या चार मुलांचा प्रश्न एकाच वहीत आला आहे, पण तो एक प्रश्न नाही, असं त्या म्हणत.

शाळा व्यवस्थापन समितीची बैठक त्यांनी संध्याकाळी ठेवली, विड्या देऊन बायका मोकळ्या झाल्यावर. समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, निम्म्या स्त्रिया. एरवी सहीपुरती होणारी बैठक त्या दिवशी दोन तास चालली. अध्यक्ष यंत्रमागावर काम करणारे, बोलायला रोखठोक. "बाई, चार नावांनी सरकारचं काय जातंय? आमच्या पोरांना तेलुगूवाल्या बाई पाहिजेत. तुमचा नियम तुमच्यापाशी." हे बोलणं हलकं नव्हतं. 87 मुलांच्या बाजूने बोलणारा तो माणूस होता, आणि त्याच्या जागी मी असतो तर तेच म्हणालो असतो. बाई म्हणाल्या, "अण्णा, उद्या तुमचा पोरगा हरवला आणि एखाद्या शाळेने तो आमच्या पटावर आहे म्हणून सांगितलं, तर?" अध्यक्ष गप्प झाले. पटलं म्हणून गप्प झाले असं मी म्हणणार नाही.

ठराव असा झाला की भिवंडीच्या मुलांचे दाखले द्यायचे, खासगी शाळेत आणि कुंभारीला गेलेल्यांचेही द्यायचे, आणि 30 सप्टेंबरपर्यंत वस्तीत शाळेबाहेर असलेलं प्रत्येक मूल शोधायचं. पत्ता न लागलेल्या मुलाचं नाव जनरल रजिस्टरला ठेवायचं, शेरा "शोध सुरू" असा मारायचा, पण संचमान्यतेच्या पटात मोजायचं नाही. शेवटचा मुद्दा बाईंचा स्वतःचा होता. असं कुणी केलेलं मी पाहिलं नव्हतं.

या बैठकीतच त्यांची मोठी चूक झाली, आणि या प्रकरणात मला सर्वांत जास्त शिकवणारी गोष्ट तीच आहे. पहिलीच्या बाई बैठकीला होत्या. आपलं पद जाऊ शकतं हे त्यांना तिथे, पालकांच्या देखत, अध्यक्षांच्या तोंडून कळलं. त्या काही बोलल्या नाहीत. इतिवृत्तावर सही केली आणि पर्स उचलून निघाल्या. दुसऱ्या दिवशी परिपाठ झाल्यावर वऱ्हांड्यात त्या मुख्याध्यापिकेला म्हणाल्या, "तुम्ही केलं ते चूक म्हणत नाही. पण तेरा मुलांची घरं फिरलात, माझ्या वर्गापर्यंत यायला दहा पावलं होती."

मी नंतर मुख्याध्यापिकेला विचारलं, आधी का सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, "त्यांच्या तोंडाकडे बघून माझा निर्णय टिकला नसता." हे खरं असेल. तरी मला वाटतं, ज्याला किंमत मोजायची आहे त्याच्यासमोर टिकणार नाही असा निर्णय घेतानाच अपुरा असतो. पहिलीच्या बाईंना तीन महिने आधी कळलं असतं, तर त्यांनी स्वतः मुलं शोधली असती. तेलुगू येणाऱ्या त्या एकट्या होत्या, दारं त्यांना लवकर उघडली असती. आणि तेलुगूचं कारण देऊन त्यांना याच शाळेत ठेवण्याची मागणी समितीच्या ठरावासह वेळेवर वर गेली असती. ती गेली ती उशिरा, तीही माझ्याच मार्फत, आणि मंजूर झाली नाही.

नवी मुलं दोन मिळाली. मागच्या रस्त्यावर एका इमारतीचं काम चाललं होतं, तिथे कलबुर्गीकडचं एक कुटुंब राहत होतं. मुलं सात आणि नऊ वर्षांची, शाळेत कधीच न गेलेली. वयानुरूप प्रवेश द्यायचा असतो म्हणून दुसरीत आणि चौथीत. दोघं फक्त कानडी बोलत. म्हणजे पट वाढला तसं शिक्षकांचं कामही वाढलं, पण त्याबद्दल त्या आठवड्यात कोणी कुरकुर केली नाही.

29 सप्टेंबर शनिवार होता, सकाळची शाळा. 30ला रविवार, म्हणून आकडा त्याच दिवशी पक्का करायचा होता. 89. पद टिकायला दोन कमी. दुसरीच्या सरांनी हळूच सुचवलं की खासगी शाळेत गेलेल्या तिघांपैकी दोघांचे दाखले पालकांनी अजून नेलेले नाहीत. ते दाखले लिहून, सही-शिक्का होऊन कपाटात पडले होते. काढून ठेवले असते तर कुणाला कळलं नसतं. बाईंनी कपाट उघडलं, दाखले घेतले आणि सरांनाच म्हणाल्या, "जाता जाता तुमच्या वाटेवर आहेत घरं. देऊन जा." सर देऊन गेले.

त्यानंतर

संचमान्यतेत तीन पदं आली. पहिलीच्या बाई अतिरिक्त ठरल्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीआधी त्यांचं समायोजन झालं, शहराच्या दुसऱ्या टोकाला, जिथे घरी तेलुगू बोलणारं मूल एखादंच असेल. निरोप समारंभाला त्या आल्या नाहीत.

जून 2019पासून तिसरी आणि चौथी मुख्याध्यापिका बाईंनी एकत्र घेतली. तिसरीच्या बाई पहिलीवर आल्या. त्यांना तेलुगू येत नाही. समितीतल्या तीन आया आळीपाळीने रोज तासभर पहिलीत बसू लागल्या. ऐकायला छान वाटतं, आणि एका बैठकीत या उपक्रमाचं कौतुकही झालं. मला ते कौतुक टोचतं. हजारावर मजुरी मिळवणाऱ्या बाईचा तास फुकट नसतो. जे काम एका प्रशिक्षित शिक्षिकेचं होतं ते तिघी आपला रोज बुडवून करत होत्या, आणि शिकवणं त्यांना येत नव्हतं, भाषा तेवढी येत होती. त्या वर्षी पहिलीची मुलं दिवाळीपर्यंत गप्पच राहिली, हे मी स्वतः भेटीत नोंदवलं आहे.

भिवंडीच्या चौघांपैकी तिघं तिथल्या शाळेत गेली. दाखले सप्टेंबरमध्ये, असे उशिरा दिले गेले तरी चाललं. चौथी, सर्वांत मोठी मुलगी, गेली नाही. दिवाळीला कुटुंब परत आलं नाही.

जुलै 2019मध्ये मी शाळेत बसलो असताना सुरतेहून फोन आला. तिथल्या एका शाळेत एक मुलगा आला होता, वयाने तिसरीत घेतला होता, आणि बाप सोलापूरच्या या शाळेचं नाव सांगत होता. पलीकडची बाई हिंदीत विचारत होती की असा कोणी तुमच्याकडे होता का. मुख्याध्यापिका बाईंनी जनरल रजिस्टर काढलं, "शोध सुरू" असा शेरा असलेलं पान उघडलं, शेवटची हजेरी कोणत्या तारखेची ते वाचून सांगितलं आणि दाखला लिहायला घेतला. शेजारच्या खोलीत तिसरी-चौथीची मुलं एकत्र बसली होती, पाढे म्हणत होती. सतरापर्यंत येऊन थांबली तेव्हा बाई लिहिता लिहिता आतूनच म्हणाल्या, "अठरा."